युसूफभाईंचा डावा कान

युसूफभाई गेल्याचा फोन शबानाने केला तेव्हा मी क्लासमध्ये होते. मंगळवार, सकाळचे साडेदहा. समोर चार बायका 'सा' धरून बसल्या होत्या आणि चौघींचे चार निराळे 'सा' लागले होते. शबाना ही त्यांची मुलगी, दुकान आता तीच बघते. ती म्हणाली, "आत्या, अब्बा गेले. नाश्ता करून खुर्चीत बसले होते, तसेच गेले. संध्याकाळच्या आत नेणार आहेत. तुम्ही या." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि बायकांकडे वळून म्हटलं, "हं, पुन्हा घ्या. आणि जरा एकमेकींचं ऐका." अशी मी. पेटीचा भाता ओढायला डावा हात गेला आणि तिथेच राहिला. तो काही केल्या हलेना. मग त्यातली एक जण उठली, मला पाणी दिलं आणि रिक्षा बोलवायला खाली गेली.

तुम्हाला युसूफभाई माहीत असण्याचं कारण नाही. पेटी वाजवणाऱ्याचं नाव पत्रिकेत छापतात, पेटीत सूर लावणाऱ्याचं नाही. नारायण पेठेत एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, दोन माणसं आत असली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. भजनी मंडळांच्या पेट्या, शाळांच्या पेट्या, मोठमोठ्या गवयांच्या साथीदारांच्या पेट्या, सगळ्या त्या जिन्याखाली येऊन रांगेत बसायच्या. ते गेल्यावर आठवड्याभराने या पुरवणीतून मला विचारणा झाली की तुमची चाळीस वर्षांची ओळख, तर काही लिहाल का, सुरांचे जादूगार वगैरे. मी हो म्हटलं आणि तीन वेळा लिहायला बसले. तिन्ही वेळा छान छान लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. जादूगार कसले! चांगले हाडामांसाचे होते ते, आणि त्यांच्या त्या हाडाचीच गोष्ट मला सांगायची आहे. ती सांगितली नाही तर बाकी सगळं लिहिणं ढोंग होईल.

त्यांची पहिली भेट झाली ती भांडणातच. माझी पेटी 'ग'वर चिरकते म्हणून मी घेऊन गेले. त्यांनी ती मांडीवर घेतली, दोन-चार पट्ट्या दाबल्या आणि म्हणाले, "ताई, पेटीला काही झालेलं नाही. तुम्ही भाता असा हाणताय, जसा काही तिने तुमचा गुन्हा केलाय." मी तेव्हा तिशीतली, संगीताची पदवी नुकतीच मिळालेली, नाकावर माशी बसू न देणारी. मी म्हटलं, "तुम्ही दुरुस्ती करता की शिकवण्या घेता?" ते म्हणाले, "दुरुस्तीच. पण कधी कधी पेटीची नसते." मी तणतणत घरी आले, भाता हलका ओढून बघितला आणि 'ग' स्वच्छ वाजला. मग काय, आयुष्यभर दुसरीकडे कुठे पेटी नेली नाही.

सूर लावतानाची त्यांची बैठक बघण्यासारखी असे. पितळेची ती बोटभर पट्टी, तिलाच आम्ही सूर म्हणतो, टोकाशी जराशी घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासायचं किती, तर केसाच्याही निम्मं. युसूफभाई मान पूर्ण उजवीकडे वळवून डावा कान पेटीवर आणत, डोळे मिटत आणि दोन सूर एकदम वाजवून त्यांच्यातली थरथर ऐकत राहत. थरथर मिटली की सूर जुळला. बघणाऱ्यांना वाटे, ही उस्तादांची ऐट. ऐट वगैरे काही नव्हतं. सातव्या वर्षी गालगुंड होऊन त्यांचा उजवा कान कायमचा गेला होता. ते जे काही ऐकत होते ते सगळं त्या एका डाव्या कानाने. आणि तो कान लहानपणापासून वाहत होता. हे मात्र मला पहिली सतरा-अठरा वर्षं कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

न कळण्याचं कारण होतं अत्तर. त्यांच्या कानात कायम अत्तराचा फाया असे. त्यांच्यात पद्धतच आहे, कापसाचा लहानसा बोळा अत्तरात भिजवून कानाच्या खोबणीत खोचायचा. ईदला, लग्नाला, जुम्म्याला. युसूफभाईंचा मात्र रोजचा असे, आणि खोबणीत नव्हे, थेट आत. आम्ही सगळे त्यांना शौकीन समजत होतो. दुकानात शिरलं की हिन्याचा घमघमाट. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "काय युसूफभाई, आज कुणाची वरात?" ते नुसते हसत. ईद आली की सगळे त्यांना अत्तरच द्यायचे. मी स्वतः दर वर्षी एक बाटली नेत असे, कधी हिना, कधी खस, आणि आपण किती जाणून घेऊन भेट देतो म्हणून मनातल्या मनात खूशही होत असे. एक दिवस ते माझ्या पेटीवर वाकलेले असताना तो बोळा निसटून झाकणावर पडला. मी सहज उचलून द्यायला गेले… पिवळा, चिकट, एका बाजूला रक्ताची रेघ. आणि अत्तराच्या मागून जो वास आला तो, माफ करा, पण कपाटामागे उंदीर मरून पडल्यावर येतो तसला होता. युसूफभाईंनी तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "ताई, नसीमला सांगू नका," ते म्हणाले. नसीमभाभी म्हणजे त्यांची बायको. "तिला वाटतं मला अत्तराची आवड आहे."

मी चार दिवस त्यांच्या मागे लागले. दवाखान्यात जायचं नाव काढलं की ते म्हणायचे, कान आहे, वाहायचाच. लसणाचं तेल घालतो, थांबतो. शेवटी मी म्हटलं, तुम्ही आला नाहीत तर मीच भाभींना सांगते. तेव्हा कुठे ते उठले. सरकारी रुग्णालयात कानाच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी काटा वाजवून, म्हणजे तो दोन पायांचा धातूचा चिमटा असतो तो, युसूफभाईंच्या कानामागच्या हाडावर ठेवला आणि विचारलं, "ऐकू येतंय?" हे म्हणाले, "येतंय. पांढरी एक पट्टीतला वरचा सा आहे, पण जरा उतरलाय." बाई क्षणभर बघत राहिल्या आणि खळखळून हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं वापरतेय, मला कुणी सांगितलं नाही. ते हसणं मला फार आठवतं, कारण त्यानंतर त्या दुर्बिणीतून कानात बघायला लागल्या आणि पुन्हा हसल्या नाहीत.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पडद्याला मधोमध साधं भोक असतं तर काळजी नव्हती, कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ लावता आलं असतं. पण यांचं भोक पडद्याच्या अगदी वरच्या कडेला होतं आणि तिथून कातडी आत शिरून साठत गेली होती. ती साठलेली घाण आतलं हाड खाते. खात खात आतल्या कानापर्यंत जाते, तोंड वाकडं करते, मेंदूपर्यंत पोचते. मी म्हटलं, "पण त्यांना तर उत्तम ऐकू येतं!" बाई म्हणाल्या, "तेच तर. आवाज पोचवणारी बारीक हाडं बहुतेक झिजलीत. त्या जागी हा रोगच बसलाय आणि आवाज त्याच्यावरून पलीकडे जातोय. रोग काढला की ऐकणं कमी होणार, हे आधीच सांगते. पण आतला कान अजून शाबूत आहे. तो वाचला तर मशीन लावून ऐकाल, काम कराल. थांबलात तर तोही जाईल. आणि तुम्हाला दुसरा कान नाही." मग त्यांनी केसपेपरवर लिहिलं आणि म्हणाल्या, "महिन्याच्या आत भरती व्हा. येताना बायकोला घेऊन या, घरच्यांची सही लागेल."

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. समोर एक म्हातारे गृहस्थ बायकोला ओरडून ओरडून औषधाच्या वेळा सांगत होते. युसूफभाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मशीन लावून सूर लावतं का हो कुणी?" आणि माझ्याकडे वळले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही काय म्हणता?"

आता इथे मला सांगायलाच हवं की त्या दिवसापासून दीड महिन्यावर माझा कार्यक्रम होता. शहरातल्या एका मोठ्या संगीत महोत्सवात, एकट्या पेटीचा, साथीला नव्हे. त्या काळी बाईने मंचावर एकटीने पेटी वाजवणं म्हणजे लोकांना गंमत वाटायची. त्यासाठी युसूफभाईंनी माझी नवी पेटी बांधली होती. नव्या पितळेचे सूर लगेच स्थिर होत नाहीत, बसायला वेळ घेतात, पुन्हा पुन्हा लावावे लागतात. दर आठवड्याला ते माझ्या घरी येऊन दोन-दोन तास ती पेटी लावत होते. दुसऱ्या कुणाच्या हातात ती द्यायची कल्पनाही मला सहन होत नव्हती. हे सगळं त्या बाकावर माझ्या मनात आलं का? आलं. अगदी स्पष्ट, तारखेसकट आलं. आणि मी म्हटलं, "एवढा कार्यक्रम होऊ दे. इतकी वर्षं वाहतोय, महिन्या-दीड महिन्याने काय होतंय?" युसूफभाईंच्या चेहऱ्यावर अशी काही सुटका दिसली की मला वाटलं, आपण किती बरोबर बोललो. केसपेपर त्यांनी माझ्याकडे दिला, घरी सापडायला नको म्हणून. मी तो पर्समध्ये ठेवला.

दोन दिवसांनी नसीमभाभी माझ्याकडे आल्या. येरवड्याहून बस बदलून आल्या होत्या, मांडीवर डबा, डब्यात शीरखुर्मा. ईद नव्हती, तरी केला होता, कारण रिकाम्या हाताने कसं यायचं. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं की यांना रुग्णालयात बघितलं. भाभी फार शिकलेल्या नाहीत, पण खुळ्याही नाहीत. म्हणाल्या, "ताई, हे काही सांगत नाहीत. विचारलं की हसतात. तुम्ही बरोबर होतात ना? काय झालंय त्यांच्या कानाला?" आणि मी, जिच्या फटकळपणाचा सगळ्या पेठेत लौकिक आहे, जी कुणाच्या तोंडावर काय वाटेल ते बोलते आणि वर त्याला सरळपणा म्हणते, ती मी म्हणाले, "काही नाही हो भाभी. मळ होता, काढला डॉक्टरांनी." भाभींनी हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे." शीरखुर्मा फार छान झाला होता. मी दोन वाट्या खाल्ला.

कार्यक्रम चांगला झाला. उगाच नम्रपणा कशाला, फारच चांगला झाला. पहिल्या रांगेत कडेला युसूफभाई बसले होते, डावा कान मंचाकडे करून, त्यामुळे तोंड भिंतीकडे. मध्यंतरी एकदा मी बघितलं तर डोळे मिटलेले आणि मान हलतेय. लोक उभे राहिले. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता, आणि अजूनही आहे. हे लिहायला लाज वाटते, पण आहे. त्यानंतर मी त्यांना म्हटलं का, चला आता दवाखान्यात? म्हटलं, एकदा. ते म्हणाले, उन्हाळ्यात नको, जखम चिघळते. मग शाळा सुरू झाल्या, शाळांच्या पेट्या आल्या. मग गणपती आले, मंडळांच्या पेट्या आल्या. प्रत्येक वेळी मी "बघा हं" एवढंच म्हणायचे. "बघा हं" म्हणायला काय लागतं? आता मला कार्यक्रमाचीही सबब नव्हती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती की भाभींना घेऊन जावं लागेल, आणि मग तिथे मळाचं बिंग फुटेल.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी दुकानात गेले होते. त्यांनी नेहमीसारखा फाया भिजवला, कानात घातला आणि बोटाने आत दाबला. दाबल्याबरोबर त्यांनी टेबल धरलं. डोळे एका बाजूला झटके देत सरकायला लागले, मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. बोट काढलं तेव्हा थांबलं. हसत म्हणाले, "दुकान फिरलं की काय आपलं?" मला डॉक्टरीणबाईंचा कागद आठवला. हाड खात आतल्या कानापर्यंत जातं, हे त्यांनी पेन टेकवून दाखवलं होतं. मला सगळं कळलं होतं, आणि मी म्हटलं, "पित्त असेल. जरा पडा." असं मी का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही… एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप येतं, एवढंच.

बारा दिवसांनी सकाळी शबाना धावत आली. तेव्हा ती कॉलेजात होती. "आत्या, अब्बांना उठता येत नाहीये. मान वळवली की उलटी होतेय, अंग तापलंय, आणि आम्ही काय बोलतो ते त्यांना कळत नाहीये." त्यांना घराजवळच्या दुसऱ्या रुग्णालयात नेलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. कानामागून कापून, हाड कोरून, सगळी साठलेली घाण काढली. सर्जन बाहेर आले तेव्हा थकलेले होते. म्हणाले, जीव वाचला, मेंदूपर्यंत गेलं नव्हतं. पण घाणीने आतल्या कानालाच भोक पाडलं होतं, तिथून पू आत गेला. तो कान आता ऐकणार नाही, मशीन लावूनही नाही. मग त्यांनी विचारलं, "याआधी कधीच कुठे दाखवलं नव्हतं?" आणि भाभी म्हणाल्या, "दाखवलं होतं ना. तेव्हा नुसता मळ होता." सर्जनच्या कपाळाला आठी पडली. "मळ? हे वर्षानुवर्षांचं आहे. कोणी सांगितलं मळ?" भाभींनी माझ्याकडे बघितलं. आरोप म्हणून नव्हे, आपल्या बोलण्याला दुजोरा देणाऱ्या माणसाकडे बघतात तसं. केसपेपर अजून माझ्या पर्समध्येच होता. त्या पर्सचा बंद मी दोन्ही हातांनी धरून उभी होते. मी म्हटलं, "आता ते जाऊ दे, पुढचं बघू." आणि लोकांना ते समंजसपणाचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी खाटेपाशी गेले. डोक्याला पांढरं बँडेज, चेहरा सुजलेला. मी म्हटलं, "युसूफभाई, कसं वाटतंय?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. ते म्हणाले, "ताई, मोठ्याने बोला ना." मी ओरडले. शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकून उठला. युसूफभाई हसून म्हणाले, "हळू बोलायची सवय तुम्हाला कधीपासून लागली?" मी बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

त्यानंतर ते बावीस वर्षं जगले, आणि बावीस वर्षांत त्यांनी एकही सूर लावला नाही. भाता बांधला, चामडं चिकटवलं, लाकडाला पॉलिश केलं, पट्ट्या बसवल्या. सूर सोडून सगळं. सूर शबाना लावायची. तिला त्यांनी शिकवलं कसं, हा एक चमत्कारच म्हणायचा. ती ऐकायची आणि हे तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. तिच्या भुवया जराशा वर गेल्या की म्हणायचे, "टोकाला घास." ती गोंधळली की म्हणायचे, "बुडाला. एकदाच. बास." दर सहा महिन्यांनी कानातली पोकळी साफ करून घ्यायला जावं लागे, आंघोळीला कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, अत्तराचा तर फाया बंदच. ते सगळं निमूट पाळत. लोक म्हणायचे, काय माणूस आहे, एवढं होऊन कुरकुर नाही. मला ते ऐकवत नसे. कुरकुर केली असती, मला दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मला निदान उभं राहायला जागा मिळाली असती.

एकदाच मी हिय्या केला. आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी लिहिलं, 'तेव्हा मी थांबा म्हटलं नसतं तर तुमचा कान वाचला असता. भाभींशीही मी खोटं बोलले. मला माफ करा.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि म्हणाले, "विचारलं मी होतं, ताई. मला तेच ऐकायचं होतं. तुम्ही चला म्हटलं असतं तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं." मी पुन्हा खडू उचलला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "नसीमला मात्र आता सांगू नका. तिला तुमचा फार आधार वाटतो." लोकांना वाटेल, हे माफ करणंच झालं. मलाही तसं वाटून घ्यायचं होतं. पण माफी मी चुकीच्या माणसाकडे मागत होते, हे मला त्या दिवशीही कळत होतं. त्या कानासाठी सही देणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला मी दोन वाट्या शीरखुर्मा खाऊन घरी पाठवलं होतं.

गेल्या शनिवारी त्यांचा चाळिसावा झाला. मी येरवड्याला गेले. फातेहा झाला, जेवणं झाली, मंडळी पांगली. शबाना स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. आणि मी सांगितलं. काही न गाळता सांगितलं. डॉक्टरीणबाई, चित्र, सही, बाक, माझा कार्यक्रम, मळ, टेबल धरलं तो दिवस. वर हेही सांगितलं की त्यांनी मला सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगतेय, कारण हे घेऊन मी त्यांच्यावर छान छान लेख लिहू शकत नाही. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. शबाना दारात येऊन उभी राहिली आणि तिथूनच परत आत गेली.  मला वाटलं, भाभी मला उठून जा म्हणतील. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्या उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश, आणि माझ्या अगदी समोर येऊन बसल्या. दोन्ही हातांनी माझे खांदे धरून त्यांनी मला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. मला आधी कळलं नाही. मग कळलं. या घरात गेली बावीस वर्षं महत्त्वाचं काही बोलायचं असलं की असंच बोलतात. पाटी आम्हा बाहेरच्यांसाठी होती. घरी ते ओठ वाचायचे. समोर बसायचं, तोंडावर उजेड घ्यायचा, एकेक शब्द सुटा करायचा. आवाज काढायची गरज नसते, म्हणून भाभी काढतही नसत. चाळीस दिवसांत ती सवय जाणार कशी?

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे बघत, आवाज न काढता, ओठ नीट हलवत त्या म्हणाल्या,

"मी… त्याच दिवशी… सही केली असती."

मला समजलं की नाही ते त्यांना कळेना म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, आणखी सावकाश.